वाचिक अभिनय आणि प्रमाणोच्चार : भक्ती बर्वे यांची फुलराणी

नटाच्या कर्तृत्वाचा विचार करताना आपले समीक्षक बहुधा मुद्राभिनयापाशी थांबतात. उच्चाराचा विषय ‘स्पष्ट वाणी’ एवढ्या प्रशस्तिपत्रात आटोपतो. भक्ती बर्वे (१९४८–२००१) यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. बालरंगभूमीवरून आलेल्या या अभिनेत्रीने मुंबई आकाशवाणीवर निवेदन केले, आणि १९७२ साली सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचल्या. प्रमाण उच्चार हा त्यांचा नुसता संस्कार नव्हे, व्यवसाय होता.

शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी रचलेले ‘ती फुलराणी’ १९७५ साली रंगभूमीवर आले, आणि मंजुळेसाठी त्यांना तोच उच्चार मोडावा लागला. शॉच्या नायिकेचा वर्ग ओळखू येतो तो मुख्यतः स्वरांवरून व हकाराच्या लोपावरून. मराठीत ते काम ण–न, ळ–ल, श–स अशा व्यंजनभेदांकडे आहे. व्यंजने बदलणे कोणत्याही नटीस साधते, आणि तेवढ्याने प्रेक्षक हसतोही. बर्वे यांचे यश त्यापलीकडचे आहे. शिक्षण चालू असता प्राध्यापकावर सूड उगवण्याची स्वप्ने पाहणारे मंजुळेचे दीर्घ स्वगत मुद्रित रूपात ऐकावे. वाक्य कोठे उचलावे, श्वास कोठे तोडावा, रागाचे रूपांतर खेळात कोणत्या शब्दावर व्हावे, या साऱ्याची तेथे पक्की व्यवस्था आहे. प्राध्यापक ज्या बोलीत केवळ दोष मोजतो, तिच्यात क्रोधाची, थट्टेची आणि स्वप्नाचीही पुरेपूर सोय आहे, हे कानास पटते.

पनवेलीत अध्यापन करणाऱ्यास हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. या तालुक्यातील आगरी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’, ‘काळा’चे ‘काला’, ‘घोडा’चे ‘घोरा’ होते. हे नियमबद्ध ध्वनिपरिवर्तन आहे, अशुद्धपणा नव्हे. तरीही असा उच्चार वर्गात निसटला की बोलणारा ओशाळतो आणि शेजारचा हसतो. नाटकाच्या आरंभीचा हशा मला म्हणूनच अडचणीचा वाटतो. संहिता तो मागते आणि अभिनेत्री तो नाकारीत नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र स्वगतापर्यंत येईतो हसण्याचे लक्ष्य पालटलेले असते : ते आता प्राध्यापकाकडे, म्हणजे आमच्याच व्यवसायबंधूकडे, वळते. (भाषाशास्त्रज्ञास नायकपद क्वचित मिळते, मिळाले ते हे असे!)

पुढे ‘जाने भी दो यारो’ (१९८३) हा चित्रपट आणि १९९० चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार यांमुळे त्यांचे नाव मराठीबाहेरही गेले. १२ फेब्रुवारी २००१ रोजी याच तालुक्यातील भाताण बोगद्याजवळ, द्रुतगती मार्गावरील अपघातात त्यांचा अंत झाला.

वरील स्वगत ध्वनिलेखनाच्या तासिकेस घेण्याजोगे आहे. विद्यार्थ्यांनी प्रथम व्यंजने न नोंदता विराम व आघात नोंदावेत. ‘न’ आणि ‘ण’ यांचा हिशेब नंतर करता येईल.