सहा प्रकार पाठ झाले, पुढे काय?

संगीतावर पीएचडी करायचं ठरवलंय? मग अशोक दा. रानडे यांचं नाव तुमच्या सिनॉप्सिसमध्ये येणारच. संगीताचे आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम असे सहा प्रकार त्यांनी मानले, असं एक वाक्य आपण पूर्वअभ्यासाच्या प्रकरणात टाकतो आणि पुढे त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात मीही हेच केलं होतं. प्रभाव म्हणतात तो हा नव्हे. ही नुसती हजेरी झाली.

रानडे १९६८ ते १९८३ या काळात मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक होते. गजाननबुवा जोशींसारख्या गुरूंकडे ते गाणं शिकलेले. म्हणजे तालीम काय असते हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरीही तालमीवर थांबायचं नाही ही त्यांची भूमिका होती. केंद्राच्या त्याच वर्षांत त्यांची ‘संगीताचे सौंदर्यशास्त्र’ (१९७१) आणि ‘लोकसंगीतशास्त्र’ (१९७५) ही पुस्तकं आली. दुसऱ्याचं नाव नीट वाचा. लोकसंगीताला ‘शास्त्र’ असू शकतं, हे त्या नावातच आलं. शास्त्रीय तेवढं अभ्यासाचं आणि बाकीचं करमणुकीचं, ही उतरंड त्यांनी मोडली. सहा प्रकारांमागचा खरा मुद्दा हा आहे.

आता ही चौकट वापरून बघू. बैठकीची लावणी घ्या. मुळं लोकपरंपरेत, पण बसून, अदाकारीसह, रागांच्या जवळ जाऊन गायलेली. मग ती लोक की कला? तीच तिकीट लावून नाट्यगृहात आली की जनसंगीत होते का? कुठल्या खणात टाकायची, यावर तुम्ही अडता, आणि नेमकं तिथेच तुमचं संशोधन सुरू होतं. रानड्यांनी स्वतः बैठकीची लावणी अभ्यासली आणि रंगमंचावरही आणली. त्यांच्याकडे अभ्यास आणि प्रयोग वेगळे नव्हते.

पण एक गोष्ट ही चौकट एकटी सांगत नाही, असं मला वाटतं. लावणी बैठकीतून नाट्यगृहात गेली तेव्हा गाणारी कोण होती, ऐकणारा कोण होता, बिदागी कोणाला आणि प्रतिष्ठा कोणाला मिळाली? सहा प्रकार संगीताचे आहेत. जात, बाईपण आणि पोटापाण्याचे प्रश्न त्यांत आपोआप येत नाहीत, ते तुम्हाला विचारावे लागतील. दुसरी अडचण भाषेची. रानड्यांचं गद्य घट्ट आहे, एका वाक्यात तीन संज्ञा येतात. घाईत वाचलंत तर हाती फक्त यादी लागते.

त्यांचं हिंदी चित्रपटगीतावरचं इंग्रजी पुस्तक २००६ मध्ये आलं. त्याच्या उपशीर्षकाचा अर्थ ‘सीमांपलीकडचं संगीत’ असा होतो. प्रकार मांडणारा माणूसच शेवटी सीमांपलीकडे बघत होता. आपण मात्र त्याच्या सीमा पाठ करत बसलोय.

म्हणून एक करा. रानड्यांचा उल्लेख पूर्वअभ्यासातून काढा आणि विश्लेषणाच्या प्रकरणात न्या. तुमची एक बंदिश, एक ओवी किंवा एक जाहिरातीचं गाणं त्या सहा प्रकारांसमोर ठेवा. जिथे बसत नाही, तिथे का बसत नाही ते लिहा. २०११ मध्ये गेलेल्या शिक्षकाकडून आजही शिकता येतं, ते असं.