सशाचा निळा कोट

लग्नातल्या कोटात मी कोणीतरी दुसराच दिसतो. बिअॅट्रिक्स पॉटरचा पीटर हा ससा मात्र निळ्या कोटात ससाच दिसतो. आपल्या कित्येक बालपुस्तकांतला ससा म्हणजे नुसता लांब कानांचा बंडू!

याचं कारण बाईंचा अभ्यास. १८६६ साली लंडनच्या सुखवस्तू घरात जन्मलेल्या या मुलीला शाळेत घातलंच नव्हतं. ती नि तिचा भाऊ घरी ससे-उंदीर पाळत आणि मेलेले प्राणी उकळून त्यांचे सांगाडे चितारीत. (आमच्या मातोश्रींनी मला आधी उकळलं असतं!) म्हणून तिच्या सशाचा कोट आतल्या हाडांवर बसतो. माणसं मात्र तिला तितकीशी जमत नसत. मॅक्ग्रेगर माळ्यापेक्षा त्याचे कोबी जिवंत वाटतात.

पीटरची गोष्ट तिनं १८९३ साली एका आजारी मुलाला पत्रातून, चित्रं काढून कळवली. प्रकाशकांनी पुस्तक नाकारलं, तेव्हा १९०१ साली पदरच्या पैशानं २५० प्रती छापल्या. ती कर्ज मागायला माझ्या काउंटरवर आली असती, तर मीही विचारलं असतं, "तारण काय? ससा?" १९०२ साली फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं ते रंगीत काढलं आणि मग खप थांबेना.

गोष्टीत लबाडी नाही. पीटरच्या वडिलांचा पाय करून खाल्ला, हे आई सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढे पीटर जाळ्यात अडकतो तो नव्या कोटाच्या बटणांमुळे. कोट टाकतो, तेव्हाच सुटतो.

१९०५ साली तिनं नॉर्मन वॉर्नशी लग्न ठरवलं. धंदेवाला म्हणून घरच्यांनी नाक मुरडलं. महिन्याभरात तो गेला. त्याच वर्षी तिनं लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिल टॉप हे शेत घेतलं. १९१३ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका वकिलाशी लग्न केलं. मग चित्रं कमी होत गेली, मेंढ्या वाढत गेल्या. १९४३ साली ती वारली, तेव्हा ४,००० एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्टला ठेवून गेली.

चित्रकर्तीनं मेंढ्या राखाव्यात, म्हणून रसिक हळहळतात. मला वाटतं, बाईंनी स्वतःचीच गोष्ट नीट वाचली होती.

काल रात्री ट्रंकेतून माझा कोट काढून पाहिला. डांबराच्या गोळ्या विरल्यात. बटणं मात्र घट्ट आहेत.