काडी, नळी आणि कोन

लेगोच्या विटांचे सगळे जग काटकोनाचे. एका खुंटीच्या मध्यापासून पुढच्या खुंटीचा मध्य ८ मिलिमीटरवर. त्या चौकटीतून तिरकी वाट काढायची तर ३-४-५ चा त्रिकोण मदतीला येतो. त्यातली खुबी पटकन ध्यानात येत नाही. लेगोच्या भोकांच्या पट्ट्या वापरताना मोजायची ती भोके नव्हेत, त्यांच्यामधली अंतरे. म्हणून पट्ट्या घ्यायच्या ४, ५ आणि ६ भोकांच्या. मग सुमारे ३७ अंशांचा कोन जराही ओढाताण न होता जुळतो. शिस्तीतून काढलेली ही पळवाट मोठी देखणी आहे.

याच कोड्याचे अगदी वेगळे उत्तर अरविंद गुप्ता यांच्या आगकाड्यांच्या मेकॅनोत, म्हणजे जोडणीच्या खेळण्यात, सापडते. पुण्यात टेल्को या वाहन कंपनीत इंजिनिअर असलेले गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे ही रचना आकाराला आली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या बालविज्ञान केंद्रातून ती असंख्य मुलांच्या हाती पोचली. सामान दोनच गोष्टींचे: गुल खरवडून काढलेल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब.

आधी सांधा पाहावा. दीडेक सेंटिमीटर नळीत दोन्ही बाजूंनी काड्या सरकवायच्या, पण मध्ये किंचित फट राखायची. सारी करामत त्या फटीत आहे. रबर काडीला घट्ट धरते आणि फटीपाशी हवे तसे वाकते. लघुकोन, काटकोन, विशालकोन, सगळे एकाच सांध्यात. बिजागरी वेगळी बसवावी लागत नाही. पकड आणि लवचीकपणा एकाच इवल्या तुकड्यात नांदतात.

आता चार काड्यांचा चौरस करून कोपऱ्यावर बोट दाबा. तो लगेच कलंडून समभुज चौकोन होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. सांधे तेच, तितकेच लवचीक; तरी आकार ताठ उभा राहतो. छपराच्या कैचीत आणि पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे इथे बोटाला कळते. मऊ सांध्यांतून ताठपणा उभा करणे ही या खेळण्यातली सर्वांत सुंदर विसंगती.

पुढची पायरी काट्याची. नळीच्या मध्यावर बाभळीच्या काट्याने किंवा सुईने भोक पाडायचे आणि त्यात तिसरी काडी खोचायची, की सांध्याला तीन हात झाले. भोकातून दुसरी नळी आरपार ओवली, तर चार. भोक काडीहून बारीक पाडायचे, म्हणजे रबर ताणले जाऊन आपणच आवळून धरते. गोंद नाही, दोरा नाही. जोडणीचे सारे काम रबराच्या ताणावर सोपवलेले. अशी काटकसर उत्तम कारागिरालाच सुचते.

कळस आहे तो हातांच्या संख्येत. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. एका सांध्याभोवती तीन त्रिकोण आले तर १८० अंश भरतात आणि टोकदार चतुष्फलक उभा राहतो. चार आले तर २४०, अष्टफलक. पाच आले तर ३००. ३० काड्या आणि पाच-पाच हातांचे १२ सांधे मिळून जवळजवळ गोल असा २० त्रिकोणांचा गोळा तयार होतो. सहावा त्रिकोण घातला की ३६० अंश पुरे भरतात आणि रचना टेबलावर सपाट पसरते. गोळ्याला गोलाई मिळते ती त्या न भरलेल्या ६० अंशांमुळे.

यातला एकही कोन कोणी कोनमापकाने आखलेला नाही. काड्या सारख्या लांबीच्या घेतल्या, सांध्याला हात किती ते ठरवले, की कोन आपोआप जागेवर येतात. भूमितीवर एवढा विश्वास टाकून बनवलेले खेळणे विरळाच, आणि ते आगपेटीच्या किमतीत कोणत्याही मुलाला करता येते, हे त्याचे सर्वांत मोठे वैभव.