उपाशी हृदयातलं नॉरॲड्रेनॅलिन : एका गाजलेल्या लेखाची चिकित्सा

हार्ट ॲटॅक आला की माणूस घाबरतो, घाबरला की ॲड्रेनॅलिन वाढतं, आणि त्यानं हृदय आणखी बिघडतं. हे स्पष्टीकरण तुम्ही ऐकलं असेल. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. उरलेला अर्धा भाग सांगणारा लेख आल्बर्ट शोमिग यांनी १९९० साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात लिहिला. आज त्याचं बळ आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही पाहू.

आधी नेहमीची पद्धत. हृदयातल्या सिंपथेटिक मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलिन बारीक पिशव्यांत भरलेलं असतं. वरून संदेश आला की कॅल्शियम आत शिरतं आणि पिशव्या बाहेर रित्या होतात. काम झालं की पेशीच्या भिंतीतला एक वाहक ते परत आत ओढतो.

आपल्या कोकणात याचं टोकाचं रूप म्हणजे लाल विंचवाचा दंश. विषामुळे मज्जातंतू सतत पेटलेले राहतात आणि रक्तात या रसायनांचा पूर येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याचा परिणाम प्राझोसिननं रोखता येतो हे दाखवलं आणि अनेकांचे जीव वाचले.

रक्तपुरवठा तुटला की गोष्ट वेगळी होते. ऊर्जा संपते, त्यामुळे पिशव्यांना माल धरून ठेवता येत नाही. तो पेशीतच झिरपतो. सोडियम बाहेर टाकणारा पंपही थांबतो आणि आत सोडियम साचतं. आता तो वाहक आठवा. त्याला स्वतःचं इंजिन नाही. दाभोळच्या खाडीत वल्ही न मारता सोडलेली होडी भरतीला आत येते, ओहोटीला बाहेर जाते, तसा तो सोडियमच्या ओढीनं चालतो. ओढ उलटली की तोच वाहक नॉरॲड्रेनॅलिन बाहेर नेऊ लागतो. त्याला ना मेंदूचा हुकूम लागतो, ना बाहेरचं कॅल्शियम.

पुरावा सुंदर आहे. डेसिप्रामिन हे औषध वाहकाला अडवतं. एरवी त्यानं बाहेरचं नॉरॲड्रेनॅलिन वाढतं, कारण परतीची वाट बंद होते. रक्तपुरवठा तुटलेल्या हृदयात मात्र तेच औषध दिल्यावर ते कमी सुटतं. म्हणजे वाट तीच, दिशा उलटी. लेखाचं खरं बळ इथे आहे.

आता हरकती. लेखात वेळेचे तीन टप्पे आहेत : पहिली १० मिनिटं जवळपास शांतता, १० ते ४० मिनिटांत उलटी वाहतूक (नॉरॲड्रेनॅलिन रक्तातल्या नेहमीच्या पातळीच्या १०० ते १००० पट), आणि त्यानंतर पेशींचीच मोडतोड. हे आकडे मुख्यतः उंदराच्या शरीराबाहेर काढलेल्या हृदयाचे आहेत. तिथे प्रवाह सगळीकडे एकदम थांबवतात. माणसात बहुधा एक रक्तवाहिनी बंद होते, कडेच्या भागाला थोडं रक्त मिळत राहतं, आणि मेंदूही गप्प नसतो. मानवी हृदयाच्या ऊतींवर पुढे झालेल्या प्रयोगांत उलटी वाहतूक दिसली, त्यामुळे यंत्रणा टिकते. घड्याळ मात्र जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही.

दुसरी हरकत लेखावर नाही, त्यावरून काढल्या जाणाऱ्या सोप्या निष्कर्षावर आहे : मग नॉरॲड्रेनॅलिनचा परिणाम लगेच रोखा की! २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'कमिट' चाचणीत चीनमधल्या ४५,८५२ रुग्णांवर लवकर मेटोप्रोलॉल देऊन पाहिलं. हजारामागे सुमारे ५ जणांची प्राणघातक लय टळली, पण सुमारे ११ जास्त जणांना हृदय ढेपाळून शॉक आला. एकूण मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. जे नॉरॲड्रेनॅलिन लय बिघडवतं, तेच थकलेल्या हृदयाला आधारही देत असतं. विंचवाच्या बाबतीत जमलेला हिशेब इथे तसाच बसत नाही.

हे सगळं दाभोळच्या वाचकाला कशाला? कारण '४० मिनिटं' हा आकडा सुटा फिरला तर घातक आहे. अँजिओप्लास्टीची सोय गावात नाही. 'तेवढ्यात पोचणार नाही, मग कशाला धावपळ' असं कुणी म्हणालं, तर तो उंदराचं घड्याळ वाचतोय असं त्याला सांगा. माणसात बंद वाहिनी उघडण्याचा फायदा कित्येक तास मिळतो. जितकं लवकर तितका जास्त. आणि जीवघेणी लय बिघडण्याचा धोका सुरुवातीलाच सर्वाधिक असतो. तेव्हा छातीत दाबल्यासारखं दुखलं, घाम फुटला, तर 'गॅस असेल' म्हणत बसू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी काढून घ्या.