जपानी रॉक आणि भाषेचा प्रश्न : ‘काझेमाची रोमान’

जपानी रॉक संगीताचा विचार करताना १९७०च्या सुमारास झालेला भाषेचा वाद टाळता येत नाही. जगापर्यंत पोहोचायचे तर रॉक इंग्रजीतच गायला हवे, असा गायक युया उचिदा यांचा आग्रह होता. ‘हॅपी एंड’ या चौघांच्या संचाने मात्र जपानी भाषाच निवडली. अडचण खरी होती. जपानीत इंग्रजीसारखा बलाघात नाही. मराठी मात्रावृत्तांप्रमाणे तेथे मात्रा मोजल्या जातात, आणि रॉकचा ठेका तर आघातावर उभा! १९७१च्या ‘काझेमाची रोमान’ या ध्वनिमुद्रिकेत एइइची ओताकी स्वर लांबवतात, शब्द मध्येच तोडतात; प्रसंगी अर्थ धूसर होऊ देतात. हारुओमी होसोनो खालच्या पट्टीत, जणू बोलल्यासारखे गातात. ड्रमवादक ताकाशी मात्सुमोतो यांच्या गीतांत १९६४च्या ऑलिंपिकसाठी झालेल्या बांधकामांत पुसले गेलेले टोकियो आहे. ते उसन्या भाषेत उतरले असते, असे वाटत नाही. २००३मध्ये ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या चित्रपटातून परदेशी श्रोत्यांपर्यंत गेले ते याच मुद्रिकेतील ‘काझे ओ आत्सुमेते’ हे जपानी गीत. अर्थात बहुतेकांपर्यंत गेली ती चाल. ते टोकियो मागेच राहिले.