टेम्प्लेट विचारतं की सांगतं?

घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या पोरांच्या तोंडी सध्या एक शब्द सारखा ऐकू येतो: टेम्प्लेट. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, कुठंही जा. एक खोली, एक लॅपटॉप, छोटा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावलेल्या गोधड्या, एवढ्यावर स्टुडिओ उभा राहतो. भीमगीतं, देवीची गाणी, लग्नाची गाणी, भजनं सगळं तिथंच तयार होतं. काम पटकन उरकावं म्हणून यातले बरेच जण कुणीतरी बनवलेलं टेम्प्लेट उतरवून घेतात. माझं संशोधन गाण्याच्या आवाजातला सूर संगणकाने कसा मोजायचा यावर आहे, त्यामुळे अशा फाइली माझ्याकडे बऱ्याच येतात. त्या ऐकून आणि उघडून बघून माझं जे मत झालंय, ते आज लिहितोय.

आधी टेम्प्लेट म्हणजे काय ते बघू. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नवं गाणं सुरू केलं की पाटी कोरी असते. मग ट्रॅक बनवा, त्यांना नावं द्या, कुठला माइक कुठल्या ट्रॅकवर ते जोडा, आवाजाला रिव्हर्ब लावा, लय ठरवा. हे सगळं एकदा करून ‘टेम्प्लेट’ म्हणून जपून ठेवलं की पुढच्या वेळी फाइल उघडायची आणि थेट रेकॉर्डचं बटण दाबायचं. रीपर, क्यूबेस, लॉजिक अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे.

तिचा फायदा खरा आहे आणि आपल्याकडे तर तो जास्तच आहे. आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसं दिवाळीच्या आगेमागे उसाला जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत परत यायचं नाव नाही. ज्या बाईला पन्नास गाणी येतात ती गावात असते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, तेही शेतातली कामं सांभाळून. ती घटकाभर बसायला तयार झाली आणि तुम्ही त्यातला अर्धा वेळ वायरी आणि ट्रॅकची नावं यात घालवला, तर ती उठून जाणार. त्यात लाइटचा भरवसा नाही. जागा किती लागेल, हेही आधीच ठरवलेलं बरं: ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला एका माइकचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण ८.६ एमबी, म्हणजे तासाला ५२० एमबीच्या आसपास होतं. हे आकडे टेम्प्लेटमध्ये बसवून ठेवले की ऐनवेळी डोकं चालवावं लागत नाही. इथवर माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढं आहे. उतरवून घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये तयारीबरोबर निर्णयही भरलेले असतात, आणि ते निर्णय दुसऱ्या कुणाच्यातरी खोलीत, दुसऱ्या कुठल्यातरी गाण्यासाठी घेतलेले असतात.

सगळ्यात सोपं उदाहरण घ्या. बऱ्याच परदेशी टेम्प्लेटमध्ये विजेची घरघर काढणारा फिल्टर ६० हर्ट्झवर लावलेला असतो, कारण अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे आपली घरघर ५०, १००, १५० वर असते आणि फिल्टर कापतो भलतीकडेच. घरघर तशीच राहते, वर गाण्यातला थोडा भाग विनाकारण जातो. यात नुकसान थोडं आहे, पण चूक कशी घडते ते नीट कळतं.

दुसरं उदाहरण लयीचं. नवीन प्रोजेक्ट उघडला की बहुतेक सॉफ्टवेअर मिनिटाला १२० ठोके आणि चार-चारची मोजणी धरून बसतं. आठ मात्रांचा भजनी ठेका त्यात कसाबसा बसतो. सात मात्रांचा रूपक आला की जाळी चुकते. त्याहून वाईट काम ‘क्वांटाइझ’ करतं. पॅडवर वाजवलेला प्रत्येक ठोका जवळच्या रेघेवर सरकवायचं हे बटण. १२० च्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, त्याचे चार भाग केले तर दोन रेघांमध्ये १२५ मिलिसेकंद. म्हणजे कुठलाही ठोका ६२ मिलिसेकंदांपर्यंत इकडंतिकडं ढकलला जाऊ शकतो. वीस-तीस मिलिसेकंदांचा फरकही कानाला जाणवतो. ढोलकीवाला समेच्या किंचित मागं रेंगाळतो आणि त्यातच गाण्याची नशा असते. ती नशा टेम्प्लेटला चूक वाटते, म्हणून ते दुरुस्त करतं.

तिसरं उदाहरण सुराचं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात गंभीर. टेम्प्लेटमध्ये तानपुरा आणि कीबोर्ड आधीच एका पट्टीत भरून ठेवलेले असतात, समजा काळी एक. गाणारी बाई काळी चारला मोकळी गाते. मग तिला सांगितलं जातं, ‘मावशी, जरा खाली घ्या.’ मावशी खाली घेते आणि आवाज दबतो. वर सूर सरळ करणारं प्लगइन चालूच असतं. ते जवळच्या पट्टीच्या स्वरावर आवाज ओढतं. पेटीच्या समान विभागलेल्या सप्तकात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर आहे, ५:४ या नैसर्गिक गुणोत्तराने येणारा गंधार ३८६ सेंटवर. तानपुऱ्याशी जुळवून गाणारा गळा ३८६ कडं झुकला तर प्लगइन त्याला १४ सेंट वर ढकलतं. तिचा बरोबर सूर तिथं बेसूर ठरतो. घरी गेल्यावर ती म्हणते, ‘हा आवाज माझा वाटत नाही.’ तिचं म्हणणं मापातही खरं आहे.

विज्ञानवाल्यांनी हसू नये, आपल्याकडंही हेच चालतं. आवाजाच्या अभ्यासात प्राट नावाचं सॉफ्टवेअर सगळे वापरतात. त्यात सूर शोधायची ठेवणीतली मर्यादा वर्षानुवर्षं ७५ ते ६०० हर्ट्झ होती. साध्या बोलण्याला ती पुरते. पण काळी चारला गाणाऱ्या बाईचा तार षड्ज ४१५ हर्ट्झला आणि तार पंचम ६२२ हर्ट्झला येतो. ती मर्यादा न बदलता आलेख काढला तर तिचा पंचम सॉफ्टवेअरला सापडत नाही, किंवा खालच्या सप्तकात सापडतो. मग कुणीतरी निष्कर्ष काढणार, बाईचा आवाज वर जात नाही. बाई गातेच आहे, तिच्यासाठी चौकट कुणी मोठी केलेली नसते.

साचा गाण्याला आकार देतो, हे काही संगणकाने आणलेलं नाही. भारतात १९०२ मध्ये ग्रामोफोनचं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि पुढं दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मिळायची. तासभर चालणारा राग गवयांनी तेवढ्यात बसवला. पण त्या साच्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: मर्यादा काय आहे ते गाणाऱ्याला ठाऊक होतं. वेळ कमी आहे, त्यात काय ठेवायचं ते त्याने स्वतः निवडलं. आजच्या टेम्प्लेटमध्ये काय कापलं जातंय ते गाणाऱ्या बाईला कुणी सांगतच नाही.

मग चांगला साचा कसा असतो? त्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी जोडलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं मोठं काम उभं केलं. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून अधिक ओव्या. बर्नार बेल यांनी त्या संगणकावर मांडायची व्यवस्था केली आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रणही झालं. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यातच आहेत. पारी या संकेतस्थळाने २०१७ पासून हा ठेवा लोकांसमोर आणला.

या कामात साचा होताच. ओवी कुणाची, गाव कुठलं, तालुका कुठला, विषय कोणता, असे रकाने ठरलेले होते. त्याशिवाय लाखभर ओव्यांत एकही ओवी परत सापडली नसती. पण ते बहुतेक रकाने रिकामे होते, म्हणजे प्रश्न होते. ओवीला लय कुठली द्यायची, पट्टी कुठली घ्यायची, असा रकाना नव्हता. ओवी जात्याच्या ओढीने चालते. वैरण घातली की दगड जड होतो, ओढ बदलते, शब्द लांबतो, मध्ये एखादा ‘बाई’ येतो. कागदावर दोन-तीन ओळींची ओवी गाताना कितीतरी वळणं घेते. १२० ठोक्यांच्या जाळीत ही ओढ बसूच शकत नाही.

त्या कामावरही टीका करता येईल. विषयवारी करताना एका ओवीला एका खणात टाकावं लागतं, आणि एकाच ओवीत माहेरही असतं आणि बाबासाहेबही असतात. पण मूळ आवाज शाबूत आहे. वर्गवारी पटली नाही तर कुणीही ओवी ऐकून वाद घालू शकतं. घरगुती स्टुडिओत बऱ्याचदा उलटं होतं: सूर सरळ केलेली, ठोके सरकवलेली एमपी३ तेवढी राहते आणि मूळ रेकॉर्डिंग जागा कमी म्हणून पुसलं जातं. त्यानंतर वाद घालायला काही उरतच नाही.

म्हणून टेम्प्लेट वापरणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच. टेम्प्लेट टाकून देऊ नका, पण उघडून त्यातल्या प्रत्येक गोष्टीला विचारा: ही तयारी आहे की निर्णय? ट्रॅकची नावं, माइकची जोडणी, ४८ किलोहर्ट्झ, फाइल कुठं साठवायची, ही तयारी. ती खुशाल भरून ठेवा. लय, पट्टी, तानपुरा, क्वांटाइझ, सूर सरळ करणं, हे निर्णय. ते बंद करून ठेवा आणि गाणारी समोर बसल्यावर तिला विचारून चालू करा. पहिला ट्रॅक ‘मूळ’ नावाचा असू द्या, त्यावर एकही प्लगइन नको आणि तो कधी पुसायचा नाही. टिपणाच्या जागी पाच रिकामे रकाने ठेवा: नाव, गाव, तारीख, गाणं कुणाकडून शिकली, आणि हे लोकांना ऐकवायला तिची परवानगी आहे का.

असं टेम्प्लेट बनवायला एक संध्याकाळ लागते. दसरा झाला की गाड्या भरायला लागतात, आणि गेल्या हंगामाला गेलेली प्रत्येक गाणारी पुढच्या उन्हाळ्यात परत गायला बसेलच असं नाही. ती आहे तोवर पट्टी तिला ठरवू द्या.