आरोप आणि निकाल : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ व गर्भपाताचा कायदा

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचा विचार मराठी समीक्षेत बहुधा दोन अंगांनी होत आला आहे. मध्यमवर्गाची दांभिकता व तिच्या तळाशी दडलेले क्रौर्य हे त्यांतील एक अंग, आणि समूहाने एकाकी स्त्रीची केलेली शिकार हे दुसरे. ही दोन्ही विवेचने यथार्थ आहेत. परंतु त्यांत खटल्याचे रूप ही केवळ नाट्यरचनेची एक सोय मानली जाते, आणि खटला कशाबद्दल चालला हा प्रश्न मागे पडतो. लीला बेणारे हिच्यावर ठेवलेला आरोप भ्रूणहत्येचा आहे आणि अखेरीस न्यायाधीशाच्या आसनावरील काशीकर जो निकाल देतात तो तिच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याचा आहे. ज्या कृत्यासाठी स्त्रीला पिंजऱ्यात उभे केले तेच कृत्य न्यायालय शिक्षा म्हणून फर्माविते. ही विसंगती म्हणजे नाटककाराची निव्वळ उपहासाची हौस नव्हे. नाटकाचा खरा सिद्धान्त तीतच साठविलेला आहे, आणि गर्भपातविषयक कायद्याचा गेल्या साठ वर्षांतील इतिहास तिच्या प्रकाशात पाहिला असता अधिक स्पष्ट दिसू लागतो.

प्रथम आरोपाचाच विचार करू जाता, अभिरूप न्यायालयातील मंडळी बेणारेवर दंडसंहितेचे ३०२ वे कलम लावतात. हे कलम खुनाचे आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत गर्भपातासाठी ३१२ पासून पुढची कलमे स्वतंत्रपणे दिलेली होती. शिवाय २९९ व्या कलमाच्या तिसऱ्या स्पष्टीकरणात मातेच्या उदरातील अपत्याचा मृत्यू घडविणे हा मनुष्यवध नव्हे, असे स्वच्छ सांगितले होते. म्हणजे ज्या कायद्याचा आधार ही मंडळी घेतात त्या कायद्यानेही हा आरोप टिकत नाही. सुखात्मे हे पेशाने वकील असताही त्यांना ते खटकत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कारण येथे कलमापेक्षा शब्द अधिक प्रभावी ठरतो. ‘भ्रूणहत्या’ हा शब्द धर्मशास्त्रात पातकांच्या यादीतून आलेला आहे. त्यात ‘हत्या’ हे पद आरंभीच निकाल देऊन मोकळे होते. पुढे गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली व केंद्राने १९९४ साली कायदे केले. त्यांचा हेतू सर्वथा योग्य होता. परंतु त्यांच्या प्रचारातून ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द गावोगावच्या भिंतींवर गेला आणि कायदेशीर गर्भपात व लिंगनिवड यांमधील भेद लोकमानसात पुसट झाला. शब्दाने आरोपपत्र लिहावे आणि कायद्याने त्यामागून जावे, ही नाटकातील रीत नाटकाबाहेरही चालू राहिली.

नाटकाचा काळ या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ते १९६३ मध्ये लिहिले गेले व १९६७ मध्ये ‘रंगायन’ने रंगभूमीवर आणले, अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन व सुलभा देशपांडे यांची बेणारेची भूमिका यांमुळे तो प्रयोग स्मरणीय ठरला. याच काळात, १९६४ साली, केंद्र सरकारने महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली गर्भपाताच्या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली आणि १९६६ मध्ये तिने आपला अहवाल दिला. तोवरचा कायदा अत्यंत कठोर होता. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात तेवढा क्षम्य होता. एरव्ही तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झाली असल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती, आणि स्वतःचा गर्भपात करून घेणारी स्त्रीही गुन्हेगारच होती. गुप्तपणे होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया मरत होत्या, हे समितीपुढील मुख्य वास्तव होते. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर चित्रपट केला आणि त्याच वर्षी संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा अधिनियम संमत केला. १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. साहित्यकृती आणि विधिसंहिता यांनी एकाच प्रश्नाशी इतक्या जवळून एकाच वेळी झुंजावे, असे प्रसंग मराठीत विरळा आहेत.

तथापि दोहोंचे उत्तर एक नाही. १९७१ च्या कायद्याने गर्भपात हा हक्क केला नाही. दंडसंहितेतील कलमे तशीच राहिली (२०२४ च्या १ जुलैपासून ती भारतीय न्याय संहितेत ८८ व त्यापुढील कलमांच्या रूपाने आली आहेत), आणि विशिष्ट अटी पाळणाऱ्या डॉक्टरांना त्यांपासून संरक्षण मिळाले. बारा आठवड्यांपर्यंत एका, व वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे सद्भावनेने बनलेले मत हा त्या कायद्याचा कणा होय. स्त्रीची संमती अवश्य; पण तिची इच्छा हे कारण नव्हे. डॉक्टरांचे मत एका नमुन्यात नोंदले जाते आणि तिची संमती दुसऱ्यात; तिचे म्हणणे नोंदण्यास मात्र तिसरा नमुना नाही. येथे नाटकातील तो प्रसिद्ध प्रसंग आठवावा. निकालापूर्वी आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद दिले जातात, आणि त्या क्षणी सारे न्यायालय निश्चल होऊन जाते. बेणारे आपले सारे आयुष्य उलगडून सांगते. पण ते फक्त प्रेक्षक ऐकतात. न्यायालयाच्या दफ्तरात तिच्या तोंडचे एक अक्षरही जात नाही. कठोर बंदीचा कायदा जाऊन सौम्य परवानगीचा कायदा आला, तरी ही रचना बदलली नाही. न्यायासन काशीकरांकडून डॉक्टरांकडे गेले, एवढेच.

नाटकातील विसंगतीचा प्रत्यय पुढे दोन खटल्यांत आला. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे डॉ. निखिल दातार व एक दांपत्य यांची याचिका आली. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळला होता, गर्भ वीस आठवड्यांची मर्यादा ओलांडून पुढे गेला होता, आणि स्त्रीला तो नको होता. न्यायालयाने परवानगी नाकारली. पुढल्याच वर्षी चंदीगडच्या एका सरकारी संस्थेतील, अत्याचारास बळी पडलेल्या मतिमंद स्त्रीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिला मूल हवे होते आणि उच्च न्यायालयाने मात्र गर्भपाताचा आदेश दिला होता. ऑगस्ट २००९ मधील सुचिता श्रीवास्तव खटल्याच्या निर्णयाने तो आदेश रद्द ठरविला, आणि अपत्य होऊ देणे वा न देणे ही निवड घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे सांगितले. एका स्त्रीला गर्भ बाळगण्यास भाग पाडले गेले, दुसरीला तो टाकण्यास भाग पाडले जाणार होते. बंदी आणि सक्ती परस्परविरुद्ध भासतात. वस्तुतः ती एकाच अधिकाराची दोन रूपे होत. काशीकर आरोप ठेवताना पहिले रूप घेतात, निकाल देताना दुसरे. आणि आपण कोठे बदललो आहोत असे त्यांना वाटतही नाही, कारण ते बदललेले नसतातच.

बेणारे अविवाहित आहे, ही बाबही येथे गौण नव्हे. १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्यामुळे होणाऱ्या मनःक्लेशाचे जे स्पष्टीकरण होते ते केवळ विवाहित स्त्री व तिचा पती यांच्यापुरते होते. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आणला, एका डॉक्टराच्या मताची मर्यादा वीस आठवडे केली, व काही वर्गांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवडे ठरविली. त्या वर्गांत अविवाहित स्त्री बसत नाही, असा अर्थ दिल्ली उच्च न्यायालयाने काढला; २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. नाटक रंगभूमीवर आल्यानंतर पंचावन्न वर्षांनी बेणारेला कायद्याच्या वाक्यात जागा मिळाली, असे म्हणावयास हरकत नाही.

नाटकाच्या स्थलयोजनेकडेही अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हा खटला मुंबईत घडत नाही. मुंबईची हौशी मंडळी एका लहान गावात प्रयोगासाठी आलेली असतात, आणि न्यायालय म्हणजे काय हे गावच्या सामंताला समजावे म्हणून रंगीत तालमीच्या मिषाने सारे सुरू होते. न्यायालय हे गावाला बाहेरून आणून दाखविण्याची वस्तू आहे. वाशीम जिल्ह्यातील रिसोडसारख्या तालुक्याच्या गावातून पाहता या योजनेतील सत्य विशेष जाणवते. कायद्याप्रमाणे वीस आठवड्यांपर्यंतचा निर्णय स्थानिक मान्यताप्राप्त डॉक्टर देऊ शकतो. परंतु चोवीस आठवडे उलटले म्हणजे वैद्यकीय मंडळाकडे, तेही गर्भातील गंभीर व्यंग या एकाच कारणासाठी, जावे लागते. अन्य कारण असल्यास उच्च न्यायालय गाठावे लागते. रिसोडसाठी ते उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ होय, म्हणजे अडीचशे किलोमीटरांहून अधिक अंतर. दिवस मोजून चालणाऱ्या प्रकरणात अंतर हाच एक निकाल असतो. गावात सर्व एकमेकांस ओळखतात, ही अडचण निराळीच. गुप्ततेची तरतूद कायद्यात आहे, आणि अल्पवयीन मुलीचे नाव पोलिसांना कळविण्याची सक्ती डॉक्टरवर नाही असे २०२२ च्या निर्णयाने सांगितले, ते याच भीतीची दखल घेऊन.

या भागात हा प्रश्न नवा नाही. रिसोड तालुक्याच्या सीमेला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध केली. तिला निमित्त झाले ते सुरतेच्या एका तरुण विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या फाशीच्या शिक्षेचे, जी पुढे सौम्य करण्यात आली, आणि त्या प्रकरणावर वृत्तपत्रांत झालेल्या स्त्रीनिंदेचे. त्याआधी एकोणीस वर्षे जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. फुले दांपत्याने शिक्षेऐवजी आसरा दिला. ताराबाईंनी न्यायासनावर बसणाऱ्यांनाच आरोपी केले. तेंडुलकरांनी बेणारेच्या मुखाने जे केले ते ताराबाईंनी वऱ्हाडात बसून पंच्याऐंशी वर्षे आधी केले होते, आणि तेही ऐकू येईल अशा आवाजात.

अभिरूप न्यायालय हे रूपकच आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्याने २०२१ साली केलेल्या कायद्याने गर्भपातास साहाय्य करणाऱ्यावर कोणाही खाजगी नागरिकाला दावा लावण्याचा व किमान दहा हजार डॉलर मिळविण्याचा अधिकार दिला. शेजारीच फिर्यादी झाला. २४ जून २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा रो खटल्याचा निर्णय रद्द केला आणि अनेक राज्यांत कठोर बंदी आली. टेक्सासमधील काही स्त्रिया, अपवादाचे कलम इतके संदिग्ध आहे की जीव धोक्यात असताही डॉक्टर हात लावण्यास धजत नाहीत, असे सांगत न्यायालयात गेल्या. मे २०२४ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मागणी अमान्य केली. नाटकात काशीकर स्वतः न्यायासनावरून उतरून साक्ष देतात आणि पुन्हा आसनावर जातात, आणि सामंत खिशातल्या कादंबरीतून साक्ष रचतो. अशा न्यायप्रक्रियेची थट्टा करणे सोपे आहे; ती कायद्याच्या पुस्तकात येऊ शकते हे मानणे कठीण.

यावर एक आक्षेप संभवतो. स्त्रीच्या निवडीवर सारा भर दिला म्हणजे गर्भाचे मोल शून्य होत नाही काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये सव्वीस आठवड्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधी दिलेली परवानगी परत घेतली, कारण जगण्याजोग्या गर्भाचे हृदय थांबविण्याचा प्रश्न डॉक्टरांनी उपस्थित केला होता. हा प्रश्न टाळून चालणार नाही. नाटकाचे वैशिष्ट्य असे की त्यात गर्भाचे मोल सर्वांत अधिक जाणणारी व्यक्ती आरोपीच आहे. बेणारेला मूल हवे आहे. त्याला नाव मिळावे म्हणून ती पुरुषांच्या दारी जाते, आणि तेच तिच्याविरुद्ध साक्ष म्हणून वापरले जाते.

परंतु नाटकाची मर्यादाही येथेच आहे. बेणारेला मूल हवे असल्यामुळे प्रेक्षकाची सहानुभूती तिच्याकडे सहज वळते. तिला ते नको असते, ती खरोखरच गर्भपाताची परवानगी मागत असती, तर त्याच प्रेक्षकाने तिचे दहा सेकंद तितक्याच आत्मीयतेने ऐकले असते काय? तेंडुलकरांनी प्रेक्षकाला या कसोटीवर उभे केले नाही. मातृत्वाच्या महतीवरच काशीकरांचा आरोप उभा आहे, आणि बेणारेबद्दलच्या करुणेचा आधारही काही अंशी तीच महती आहे. नाटक न्यायासनावरील व्यक्तीचा अधिकार नाकारते. पण मातृत्वाच्या आदर्शाचा अधिकार अबाधित ठेवते. ज्या स्त्रीला मूल नको आहे तिची बाजू मराठी रंगभूमीने तितक्याच सामर्थ्याने मांडावयाची राहिली, आणि १९७१ च्या कायद्यातही तिची इच्छा कारण ठरली नाही, हा योगायोग नव्हे.

एवढी मर्यादा मान्य करूनही या नाटकाचे स्थान अढळ राहते. बंदीचा कायदा असो वा परवानगीचा, निकाल देणारा कोण आणि बोलण्याचा वेळ कोणाला, हे दोन प्रश्न त्याने असे मांडले की पुढील प्रत्येक याचिका त्यांच्याशी ताडून पाहता येते. ज्या दिवशी आरोपीचे म्हणणे निकालापूर्वी नोंदले जाईल त्या दिवशी हे नाटक केवळ इतिहास होईल. अद्याप ते तसे झालेले नाही.